परतांक

“तेल नाही, टिकली नाही, कपाळ कसं घासूनपुसून आणायचं म्हणे. अगं, नवरा गेला तेव्हासुद्धा मी टिकली काढली नव्हती. आणि ह्या मेल्या डब्यासाठी काढली.”

बोलणं सारिकाच्या मानेवर पडत होतं, इतक्या जवळून. मागं उभ्या होत्या त्या फलटणच्या शालनकाकू. नऊ तास विमानात शेजारी बसून त्यांनी आपल्या लेकीचं बाळंतपण, तिचा अवघडलेला पाय आणि जावयाचं न बोलणं एवढं सगळं सारिकाला सांगून झालं होतं.

“हळू बोला काकू, त्याला ऐकू जातं,” सारिका म्हणाली.

“जाऊ दे की. मराठी येतंय म्हणे त्याला. मग ऐकू दे मराठीत.”

ग्रोनहावच्या विमानतळावर पाहुण्यांच्या रांगेत अठ्ठावीस माणसं होती आणि सगळ्यांची कपाळं नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी चकाकत होती. भिंतीवर पंधरा भाषांत सूचना होती. मराठीतली अशी: ‘कृपया ललाट स्वच्छ ठेवावे.’ ललाट! हा शब्द सारिकाला दहावीच्या संस्कृतच्या पेपरात शेवटचा भेटला होता. त्यानंतर थेट इथं, घरापासून सात हजार किलोमीटरवर.

डबा म्हणजे परतांक मोजायचं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण सांगली-मिरजेकडं सगळे परतांकच म्हणायचे. उत्तरेकडच्या सहा देशांनी मिळून उत्तर संघ काढला, आपापसातल्या सीमा पुसल्या आणि बाहेरच्या सगळ्यांसाठी एकच जाड सीमा आखली. त्या सीमेवर हा डबा बसला. बाहेरून आलेला माणूस परत जाईल का, एवढं एकच तो सांगायचा.

तो खोटं पकडत नव्हता. खोटं पकडणारी यंत्रं येऊन गेली होती आणि वकिलांनी ती मोडीत काढली होती. हे निराळं होतं. माणूस उद्याचा विचार करतो तेव्हा तो उद्या हवेतून आणत नाही, कालचीच माती कालवून घडवतो. मेंदूत आठवणी जिथं सांभाळल्या जातात, तोच भाग उद्याचं चित्र उभं करायलाही राबतो. अपघातात ज्यांच्या आठवणी पुसल्या गेल्या, त्यांना ‘उद्या काय करणार?’ हेही सांगता येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. नवीन होतं ते मोजमाप. कपाळातून आत सोडलेला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कुठल्या कोपऱ्यात रक्त धावतंय ते टिपायचा. त्याला बुबुळांची हालचाल आणि आवाजातली थरथर जोडली की यंत्राला कळायचं, या माणसाचा उद्या किती भरीव आहे आणि तो कुठं आहे.

सारिकाला हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ते पटकन समजलं. ती सांगलीत दातांच्या कवळ्या करायची. कवळी पक्की करायच्या आधी दात मेणात लावून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. हसून दाखवा, ‘स’ म्हणा, ‘फ’ म्हणा. मेंदूही तेच करतो. उद्या आधी मेणात करून बघतो. डबा ते मेण तपासायचा. मेण दाट, तर माणूस घरी जाणार. मेण पातळ, तर याचं घरी काही नाही, हा इथंच कुठंतरी मिसळून जाणार. शंभरात साठच्या खाली आलं की त्याच विमानानं परत.

आणि सारिकाला आत जायचं होतं. आत भूषण होता.

*

भूषण आवटीशी तिची ओळख झाली ती त्याच्या वडिलांच्या कवळीमुळं. समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला तो उत्तर संघात गेलेला. सुटीवर आला तेव्हा म्हाताऱ्यांचं माप द्यायला घेऊन आला. पहिली कवळी त्यांना टोचली. दुसरी खाली पडायची. तिसऱ्या मापाला म्हातारे म्हणाले, “आता बरी आहे.” पण तोवर त्यांच्या मुलाला येत राहायची सवय लागली होती. तो सत्तेचाळीसचा, ती त्रेचाळीसची. दोघांचीही लग्नं एकेकदा होऊन मोडलेली. पत्रिका बघायचं वय नव्हतं, त्यामुळं दोघांनी एकमेकांचे दात बघितले आणि ठीक आहेत म्हणाले.

लग्न करून बायकोला तिकडं न्यायची सोय संघानं कधीच बंद केली होती. पाहुणी म्हणून वर्षाला सहा आठवडे, तेही परतांक जमला तर. भूषणनं परत यावं म्हटलं तर कृष्णेत कुणी पवनचक्क्या लावत नाही. मग दोघं म्हणायची, सीमा उघडली की बघू. सारिकाची आई म्हणायची, “मेली सीमा उघडंना.” शेजारपाजारचे म्हणायचे, सीमा आहे म्हणून, नाहीतर जोडा काय छान होता. सीमेला शिव्या घालायला सगळ्यांना बरं वाटायचं.

पहिल्या वर्षी सारिका तशीच गेली, काही तयारी न करता, आणि अडकली. सगळी उत्तरं कशीबशी झाली. मग डब्यानं विचारलं, “यजमानांचा निरोप घेताना आपण काय म्हणाल?” ती म्हणाली, “येते म्हणेन.”

लाल दिवा लागला. दुभाष्या यंत्रानं अधिकाऱ्याला सांगितलं होतं की ही बाई निघताना ‘मी येत आहे’ असं म्हणणार आहे. दोन तास तिला एका खोलीत बसवलं. ती पुन्हापुन्हा सांगत होती, आमच्यात जाते म्हणत नाहीत, जाते म्हणणं वाईट, माणूस मरायला निघाला तरी येतो म्हणतो. अधिकारी शांतपणे लिहून घेत होता. शेवटी त्यानं विचारलं, “म्हणजे तुमच्या भाषेत घरातून जाता येतच नाही?” सारिकाला हसू आलं आणि बहुधा त्या हसण्यानंच ती सुटली. परतांक बासष्ट.

बाहेर भूषण भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. तिला बघून तो भर विमानतळावर रडला होता. सारिकानं त्याचे ते रडणारे दात अजून जपून ठेवले होते, मनात.

पुढच्या वर्षी ती देशमाने सरांच्या क्लासला गेली. एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर. सर पूर्वी तलाठी भरतीचे वर्ग घ्यायचे. भरती थांबली, तशी त्यांनी पाटी बदलली: ‘परतांक मार्गदर्शन, खात्रीशीर.’ समोर चाळीसेक माणसं, बहुतेक नातवंडांच्या ओढीनं निघालेली.

“भावना नको, भूगोल सांगा!” सर टेबलावर डस्टर आपटत. “डोळे मिटा. परत आल्यावरची पहिली सकाळ. सात वाजलेत. दुधाची पिशवी कुठं आहे?”

“दारात, सर.”

“दाराच्या डाव्या अंगाला की उजव्या? मांजर आहे का? असलं तर त्याचा रंग कुठला? मॅडम, तुम्ही रडताय कशाला? रडलात की पंधरा गुण गेले.”

रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं सराव. परतीच्या दिवसानंतरचा एकेक दिवस तपशिलानं उभा करायचा, आणि ज्याला भेटायला चाललोय त्याचं चित्र मध्ये आलं की ते हलकेच बाजूला सारायचं. “ढकलायचं नाही,” सर सांगत, “ढकललं की यंत्राला कळतं. नुसतं बाजूला. पाहुण्याला खुर्ची देतो तसं.” आणि निरोपाचा शब्द. चाळीस माणसं एका सुरात म्हणायची: “जाते. जातो. जाते. जातो.” खालच्या झेरॉक्सवाल्याची आई एकदा वर येऊन हात जोडून गेली, तेवढं नका हो, सकाळची वेळ आहे.

त्या वर्षी सारिकाला एक्क्याऐंशी पडले. यंदा तिनं आठ महिने सराव केला.

त्याचा परिणाम निघायच्या दिवशी दिसला. रिक्षा दारात, बॅग रिक्षात, सारिका वाकून आईच्या पाया पडली आणि उठता उठता सहज म्हणाली, “जाते गं.”

आईचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण कान शाबूत.

“येते म्हण, सारू.”

“येते, येते. चुकून गेलं.”

“चुकून नाही,” आई म्हणाली आणि हात काढून घेतला. “भूषणरावांना सांग, विचारलंय म्हणून.” जावई नव्हता तरी ती त्याला राव म्हणायची.

*

“नमस्कार, सारिका म्हेत्रे. आपला प्रवास सुखाचा झाला असावा.”

डब्याचा आवाज बाईचा होता. मराठी शुद्ध, पण कुठल्याच गावची नाही. खोली मोठ्या कपाटाएवढी. कपाळाला गार पट्टी टेकली. काचेपलीकडं राखाडी केसांची अधिकारी बाई बसली होती. छातीवर नाव होतं, इंगा.

“पंचवीस ऑगस्ट. सकाळचे सात. आपण कोठे आहात?”

“स्वयंपाकघरात,” सारिका म्हणाली. “आईचा चहा करतेय, बिनसाखरेचा. तिच्या कपाचा कान मोडलाय, म्हणून ती दोन्ही हातांनी धरते. नवा कप आणलाय, पण तो तिनं पाहुण्यांसाठी ठेवलाय. गॅसशेजारी ओला फडका. त्याला वास येतोय, तो आज बदलायचाय.”

“अकरा वाजता?”

“लॅबमध्ये. नवी भट्टी तापायला ठेवलीय. शेजारचा गाळा घेतला, मधली भिंत पाडली. सिमेंटचा वास अजून गेलेला नाही. एका रिटायर्ड पोस्टमनची वरची कवळी. त्याला पूर्वीसारखी दातात फट हवीय, म्हणतो, तशी ठेवा, नाहीतर बायको ओळखणार नाही.”

“पुढील जून?”

ती सांगत गेली. दोन मुली कामाला, त्यातली एक हुशार. दारावर नवी पाटी. पावसाळ्यात प्लास्टर लवकर सुकत नाही म्हणून माळ्यावर बसवलेला पंखा.

“पाच वर्षांनंतर?”

हा प्रश्न गेल्या दोन्ही खेपांना नव्हता. सारिका थांबली नाही. थांबायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. पाच वर्षांनंतर आई नसेल, आईची खोली तिनं मापं घ्यायला केली असेल, खिडकीत आईचीच तुळस, पण कुंडी बदललेली. संध्याकाळी ती दोन पोळ्या करेल. रविवारी एक जास्त, दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या पोळीसाठी. ती बोलत होती आणि स्वतःचं ऐकत होती. घर भरलेलं होतं, उजेड होता, चपला कुठं काढल्यात तेही दिसत होतं. चपला एकच जोड होत्या. कुणाला बाजूला सारावं लागत नव्हतं. बाजूला सारायला कुणी आलंच नव्हतं.

“यजमानांचा निरोप घेताना आपण काय म्हणाल?”

“जाते.”

कपाटाचा खण बंद करावा तसा तो शब्द बसला. कुठंही न अडकता.

पट्टी कपाळावरून निघाली. इंगाबाई पडद्याकडं बघत होत्या. मग त्या बोलल्या आणि त्यांच्या ओठांमागून अर्ध्या क्षणानं मराठी आलं.

“सत्त्याण्णव. माझ्या नोकरीत मी असा आकडा दुसऱ्यांदा पाहते आहे. पहिले गृहस्थ भावाचा मृतदेह न्यायला आले होते.”

“चांगलं आहे ना पण?” सारिकानं विचारलं.

“उत्तम आहे. जोडीदाराला भेटायला येणाऱ्यांचे पंचावन्न, साठ. ते इथे बसून रडतात आणि मला वाईट वाटते. तुम्ही एकेचाळीस दृश्ये सांगितलीत. यजमान शून्य दृश्यांत आहेत.” त्यांनी काचेखालून एक हिरवं कार्ड सरकवलं. “अभिनंदन. तिसरी भेट आणि पंचाण्णवच्या वर. तुम्ही निवासाला पात्र आहात. पाच वर्षे, पुढे कायमचे. यजमानाच्या सहीसह अर्ज या सहा आठवड्यांत करायचा.”

सारिकाला वाटलं, दुभाष्या पुन्हा चुकला. “राहायला? मला?”

“मार्चपासूनचा नियम आहे.”

“ज्याला राहायचं नाही त्यालाच राहू देता?”

“जो जाणार आहे त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो. नियम मी केलेला नाही.” इंगाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमच्या यजमानांना मार्चमध्येच पत्र गेले आहे. त्यांनी सांगितले असेलच.”

“हो,” सारिका म्हणाली. “सांगितलं ना.” पट्टी कपाळावर नव्हती हे बरं.

बाहेरच्या बाकावर, परत पाठवायच्या माणसांच्या बाजूला, शालनकाकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत डिंकाचे लाडू.

“एकतीस,” त्या म्हणाल्या. “विचारलं, परत गेल्यावर पहिल्या सकाळी काय करणार. मी म्हटलं, काय करणार बाबा, नातीची आठवण काढत बसणार. तुझे किती?”

“झाले पास,” सारिका पुटपुटली.

“देवाला तुझी काळजी. बाहेर माझी पोरगी उभी असेल, हिरवा कोट. तिला सांग, आई चिडलेली नाही. आणि म्हणावं, बाळाच्या टाळूला तेल घाल, इथं कुणी बघत नाही.”

हिरवा कोट दारापाशीच होता. छातीशी झोळीत बाळ, नजर दारावर. सारिकानं निरोप सांगितला, शब्दही न बदलता. पोरगी ‘बरं’ म्हणाली आणि दाराकडंच बघत राहिली, जणू अजून कुणी येईल.

*

“सत्त्याण्णव!” भूषण म्हणाला. यजमानाला आकडा फोनवर येतो. “तुझे सर पेढे वाटतील.”

“फळ्यावर नाव लिहितील.”

दोघं हसली. त्याचे केस आणखी मागं गेले होते. त्यानं तिची बॅग घेतली, तिनं त्याच्या हातातला थर्मास घेतला, आणि ती दोघं ट्राममध्ये शेजारी बसली, एखाद्या लग्नाहून परतणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी. ट्राम रिकामी होती. पत्राचं तो बोलला नाही, कार्डाचं ती बोलली नाही. समुद्र दिसला तेव्हा तो म्हणाला, “समुद्र.” ती म्हणाली, “हो.”

चार दिवस फार छान गेले. दोघंही इतकी नीट वागत होती की एकमेकांचे कप धुवायला चढाओढ लागायची. त्यानं कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा केला होता. तिनं कपडे बॅगेतच ठेवले, म्हणाली, चुरगळत नाहीत गं हे. ‘गं’ ऐकून त्यानं चमकून बघितलं. घरी आईशी बोलायची सवय.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली. बाजार मटारानं भरलेला, भूषणनं दोन किलो आणलेले. सोलता सोलता सारिका उठली, पर्समधून हिरवं कार्ड काढलं आणि टरफलांच्या ढिगाशेजारी ठेवलं.

“मार्चमध्ये पत्र आलं तुला.”

भूषणच्या अंगठ्याखाली शेंग फुटली. दाणे टेबलावर घरंगळले. त्यानं एकेक वेचून भांड्यात टाकले.

“आलं होतं.”

“सांगितलं नाहीस.”

“तू आल्यावर सांगणार होतो. समोरासमोर.”

“येऊन पाच दिवस झाले.”

“म्हटलं, प्रवासाचा शीण उतरू दे.” मग स्वतःलाच ते इतकं पोकळ वाटलं की तो मान खाली घालून हसला. “सारिका, मी रोज फोन हातात घ्यायचो. आणि मग तुला विचारायचो, जेवलीस का.”

“चार महिने मला कळेना, हा सारखं जेवणाचं का विचारतोय.”

“तू पण विचारायचीस.”

“हो,” ती म्हणाली. “मी भट्टी घेतली.”

“कसली?”

“सिरॅमिकची. मोठी. आणि शेजारचा गाळा. नऊ वर्षांचा करार केलाय.”

“कधी?”

“एप्रिलमध्ये.”

“मला म्हणालीस, लॅबचं रंगकाम काढलंय.”

“रंगकामही काढलं.”

भूषण उठला. खणातल्या पवनचक्क्यांच्या माहितीपुस्तकांखालून त्यानं पत्र काढलं, अर्ज काढला, पेन आणलं. कोपऱ्यात त्याची सही कुठं करायची ते पिवळ्या खुणेनं दाखवलेलं. “भरू या ना मग,” तो म्हणाला. “आता काय अडचण आहे? तुझ्या आईंसाठी दिवसरात्र बाई ठेवता येईल.”

“येईल.”

“किंवा त्यांनाच आणू. तुला निवास मिळाला की आईला आणता येतं, मी वाचलंय सगळं.”

“मीही वाचलं. कार्डाच्या मागं आहे.”

“लॅब ती तुझी हुशार मुलगी बघेल.”

“बघेल. हाताला चांगली आहे.”

“करार मोडता येतो. आणि इथं काम मिळेलच तुला.”

“इथल्या लोकांचे दात चांगले आहेत, भूषण.”

“म्हातारे होतील की.”

“होतील,” ती म्हणाली.

एकेक अडचण दोघांनी मिळून सोडवली, मटारासारखी. दाणे भांड्यात, टरफलं बाजूला. शेवटी अडचणच उरली नाही. टेबलावर अर्ज होता, पेन होतं. पेन नीट चालतंय का म्हणून भूषणनं वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढली. चाललं. सारिकानंही एक ओढली. चाललं.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, ती पुन्हापुन्हा निसटत होती.

“मलाही बसवतात त्यांच्या डब्यापुढं,” भूषण म्हणाला. पेन त्याच्या हातातच होतं. “तू सांगलीहून निघायच्या आठवडाभर आधी. विचारतात, ती गेल्यावर पहिल्या सकाळी काय कराल? म्हणजे मी तुला लपवून ठेवणार नाही ना, ते बघतात. पहिल्या वर्षी मला काही दिसलंच नाही. नुसता अंधार. त्या माणसाला माझी दया आली आणि त्यानं काठावर सोडलं. मग मीही सराव केला. इथंही क्लास असतात. यंदा म्हटलं, चादर बदलेन. तिचा कप मागच्या फळीवर ठेवेन. साडेआठची बोट पकडेन. बोटीत खिडकीशी बसेन.” त्यानं पेन बोटांत फिरवलं. “चौऱ्याण्णव पडले. आणि सारिका, त्या सकाळी ऊन होतं. मला बरं वाटत होतं.”

सारिकानं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस तिच्यासाठी विमानतळावर रडला होता. त्या रडण्यातलं काही खोटं नव्हतं. पण दोन वर्षं रोज चाळीस मिनिटं दोघांनी एकमेकांवाचून जगून बघितलं होतं, आधी मेणात, हसून, ‘स’ म्हणून, ‘फ’ म्हणून. आणि ते आता नीट बसलं होतं. टोचत नव्हतं, पडत नव्हतं. कुणी दुष्टपणा केला नव्हता. अधिकाऱ्यानं नाही, सरांनी नाही, आईनं नाही. सगळे इतके दिवस सांभाळून बोलत होते, आणि अजूनही सांभाळता आलं असतं. सहा आठवडे होते. अर्ज शेवटच्या दिवशीही भरता आला असता, किंवा मुदत चुकली असती आणि दोघांनी मुदतीला शिव्या दिल्या असत्या.

तिनं त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि अर्जावर आडवं ठेवलं.

“भूषण, मला इथं राहायचं नाही,” ती म्हणाली. “आणि तुलाही मी इथं नकोय.”